इंदूमावशींची रक्ततपासणी

इंदूमावशी कुणालाही भेटल्या की आधी त्याचा दंड धरायच्या. नमस्कार-चमत्कार मागाहून. अंगठा आणि मधलं बोट यांच्या कडीत तुमचा दंड अडकवायचा, डोळे बारीक करून घटकाभर छताकडं बघायचं आणि मग निकाल द्यायचा. "वाळलीयास." नाहीतर "सुजलीयास." तिसरा निकाल त्यांच्याकडं नव्हता.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात मी लग्न होऊन आले, त्या दिवशी माप ओलांडायला पाय उचलला तेवढ्यात गर्दीतून एक हात आला आणि शालूसकट माझा दंड पकडला. सगळं वऱ्हाड बघतंय, बँडवाले थांबलेत, आणि ही ठेंगणीठुसकी बाई सासूबाईंना सांगतेय, "पोरगी गुणाची हाय, पर रक्त कमी हाय. बीट घाला हिला." असा संताप आला होता मला! नव्या नवरीला काय बीट घालायचं असतं? पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात बीटाची कोशिंबीर होती आणि पुढची अठरा वर्षं ती आठवड्यातून दोनदा होतीच. सासूबाई कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत, पण इंदूमावशींना ऐकायच्या.

मावशी अंगणवाडी सेविका होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं झोळीच्या काट्याला टांगून वजनं केली, दंडाला तांबड्या-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या गुंडाळल्या, तक्त्यावर टिंबं काढली आणि खिचडी वाढली. निवृत्त झाल्यावर काटा सरकारजमा झाला. बोटांची सवय मात्र मावशींबरोबर घरी आली. पोरं मोठी झाली, लग्नाची झाली, तरी मावशींच्या डोक्यात ती अजून तक्त्यावरच होती. आमच्या बोळातल्या एका सहा फुटी फौजदाराला त्या भर चौकात म्हणायच्या, "तू पिवळ्यात हुतास. तुला मी हिरव्यात आणला. ध्यानात हाय न्हवं?" फौजदार बिचारा टोपी काढून "व्हय मावशी" म्हणायचा.

त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते ऐकवायला त्यांना वेळकाळ लागायचा नाही. "पोरगं सहा वर्षांचं झालं की त्याचं वजन करायचं बंद," त्या म्हणायच्या. "त्येच्यानंतर काटा बघायचा डायरेक्ट दवाखान्यात. मधली पन्नास-साठ वर्षं माणूस काय खातंय, काय न्हाय, कोण इचारतंय?" मग त्यांनी ते काम अंगावर घेतलं. गडहिंग्लजला दिलेल्या लेकीनं दिवाळीला काचेचा वजनकाटा दिला होता, तो कापडी पिशवीत घालून मावशी हळदीकुंकवाला सुद्धा न्यायच्या. वाण घ्यायचं आणि काट्यावर उभं राहायचं. दोन-तीन बायकांनी मावशी असतील त्या हळदीकुंकवाला यायचंच सोडलं.

वजनापेक्षा भीती वाटायची ती त्यांच्या एका शब्दाची. "काय जेवलीस?" त्यांनी विचारावं. "भात-आमटी," आपण सांगावं. मग मावशी नुसतं म्हणायच्या, "आणि?" या 'आणि'ला उत्तर नसायचं. अख्खा बोळ त्या 'आणि'ला घाबरून एखादी उसळ, मेथीची जुडी, निदान एक काकडी चिरायचा. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, सकाळी डबा भरताना हात घाईवर असतो. पण कितीदा तरी मी डब्याचं झाकण लावता लावता परत उघडलंय आणि त्यात मूठभर शेंगदाणे टाकलेत, केवळ या बाईंच्या धाकानं.

तात्या म्हणजे त्यांचे यजमान. शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे, होते. बोलणं दिवसाला दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे म्हशींबद्दल. पहाटे उठून गंगावेशीत जायचं, गवळ्यानं डोळ्यांदेखत काढलेलं धारेचं दूध उभ्या उभ्या प्यायचं आणि मिशा पुसत परत यायचं, हा त्यांचा नेम. फौंड्रीच्या वाळूनं दिलेला एक कोरडा खोकलाही होता. तो आला की तात्या भिंतीकडं तोंड करायचे आणि मावशी बोलता बोलता थांबायच्या. खोकला संपला की वाक्य पुढं चालू.

या दोघांच्या घरात एकच काळजी होती आणि मावशींनी ती मला उन्हात पापड घालताना सरळ सांगून टाकली होती. "मराणाचं भ्या न्हाय गं. पर उद्या ह्येंना न्हायतर मला दवाखान्यात पडायची पाळी आली, तर लेकीच्या सासरी जाऊन काय सांगायचं? तिचं तिला पुरतंय व्हय?" आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलतात, तशा त्या पुढं म्हणाल्या, "इम्याच्या मागं मी लागलोय ते त्येच्यासाठी. माझ्या आजारपणाचं वझं लेकीच्या डोक्यावर न्हाय ठेवणार मी." पण जेव्हा त्या चौकशीला गेल्या तेव्हा पासष्टी उलटली होती. विमेवाल्यानं दोघांचे जन्मदाखले बघितले आणि चहा पाजून परत पाठवलं. मावशी घरी येऊन म्हणाल्या, "सहा वर्षाच्या वर पोषण न्हाय, पासष्टीच्या वर इमा न्हाय. मधी आम्ही लई कामाचे हुतो म्हणायचं."

आणि मग नियम बदलला. पासष्टीनंतरही नवीन आरोग्य विमा देता येईल, आधीपासूनच्या दुखण्यांसाठी वाट बघायची मुदतही कमी झाली, असं पेपरात आलं. पुढं हप्त्यावरचा करही निघाला. त्यानंतर लगेच आमच्या बोळात संदीप उगवला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, तोंडात साखर. "काकू, आता वयाची अट नाही. फक्त कंपनीची मेडिकल द्यायची. रक्त, लघवी, ईसीजी. पास झालं की पॉलिसी."

'पास' हा शब्द त्यानं उच्चारला आणि आमच्या बोळाचं शाळेत रूपांतर झालं. साठीच्या वरची माणसं दहावीच्या पोरांसारखी तयारीला लागली. आणि संदीपचा उद्योग असा दुहेरी, की विमा तो विकायचा आणि ताकदीच्या गोळ्या त्याची बायको. पुढच्या खेपेला ती पण आली. कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री, व्हॅनिलाच्या वासाची प्रोटीन पावडर. तपासणीला अवकाश आहे तोवर रक्त तयार करून घ्या, असा एकंदर सूर.

आमच्या समोरचे जाधवकाका, रिटायर्ड हेडक्लार्क, यांनी सगळं घेतलं. देवघराशेजारच्या फळीवर बाटल्यांची आरास लागली. सकाळी पूजा झाली की काका एकेक बाटली उघडून गोळी तळहातावर घ्यायचे, अकरा जमल्या की डोळे मिटून सगळ्या एकदम तोंडात. न्याहारी मात्र चहा-खारी.

मावशी तिथं जाऊन उभ्या राहिल्या. "काका, ह्या गोळ्यांच्या संगं खाताय काय?"

"ह्यातच सगळं आहे, इंदूबाई. अठ्ठावीस घटक. वाचा की बाटलीवर."

"आणि?"

 काका दुसऱ्या दिवसापासून खिडकी लावून गोळ्या खायला लागले.

आता मावशी गोळ्यांच्या विरोधात होत्या असं कुणी समजू नये. आयुष्यभर त्यांनी पोरींना लोहाच्या गोळ्या स्वतः समोर उभं राहून गिळायला लावल्या होत्या. "डॉक्टरनं तपासून दिली तर गोळी. इस्त्रीच्या शर्टानं दिली तर ती पेपरमिंट," एवढंच त्यांचं म्हणणं. पण संदीपची बायको घरी येऊन कॅल्शियमची बाटली ठेवून गेली आणि मावशींनी ती डॉक्टरांना विचारून तात्यांना चालू केली. रोज एक. तात्या मुकाट्यानं न्यायचे, 'दूध प्यायच्या वेळी घेतो' म्हणून खिशात घालायचे.

महिन्याभरानं गंगावेशीतला गवळी रस्त्यात मावशींना भेटला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, तात्यांचं उपकार झालं. म्हस लई खूश हाय."

तात्या रोजची गोळी म्हशीला चारत होते. चंदीच्या पाटीत टाकायची, वरून थोडी पेंड. मावशींनी भर बोळात फैलावर घेतलं तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "मी दूध तिचंच पितो न्हवं? तिच्या पोटात गेलं म्हंजे माझ्याच पोटात आलं की." दिवसाचे सगळे शब्द एका वाक्यात खर्च झाले होते, त्यामुळं पुढं ते काही बोलले नाहीत. मावशी कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या आणि मग त्यांना असं हसू लोटलं की पदर तोंडात कोंबायची वेळ आली. हसता हसता त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मला वाटलं, हसण्यानं.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आलं, कारण लॅपटॉप माझ्याकडं. एका रविवारी दुपारी आमच्या पुढच्या सोप्यात मावशी, तात्या आणि संदीप बसले. आजारांची यादी आली. मी वाचत होते, 'दमा, जुना खोकला, छातीचे विकार?' तात्यांनी नुसतं 'नाही'साठी बोट हलवलं. संदीपही म्हणाला, "असलं बारीकसारीक नको लिहूया. साधा खोकला कुणाला नसतोय?"

मावशी एकदम ताठ झाल्या. "लिही. वाळूचा खोकला, पंधरा वर्षं. डॉक्टरची चिठ्ठी जोड."

"मावशी, रिजेक्ट करतील."

"पावणं, तुमच्याएवढ्या वयाची माझ्या अंगणवाडीतली पोरं हैत," मावशी म्हणाल्या. "मी तक्ते भरल्यात आयुष्यभर. साहेब बघायला यायचा असला की एकदोघी सेविका वाळक्या पोरांची वजनं वाढवून ल्ह्यायच्या. साहेब खूश. आणि त्या पोराचा जादा खाऊ बंद! कागदावर जाड झालंय न्हवं ते? मी एक ग्राम वाढवला न्हाय कधी. आज खोकला लपवला, तर उद्या खोकल्यासाठीच दवाखान्यात न्हेल्यावर ह्योच कागद आडवा येणार."

संदीपला घाम फुटला. तात्यांचा खोकला लिहिला. मग मावशींचा रकाना आला. मी एकेक विचारत गेले आणि मावशी टकाटका उत्तर देत गेल्या. न्हाय. न्हाय. कधीच न्हाय. दवाखान्यात दाखल? बाळंतपण सोडलं तर न्हाय. किती दिवस आजारी? एक दिवस न्हाय. "मी पडलो असतो तर पोरांस्नी खिचडी कुणी घातली असती? आणि मानधनावर माणसाला रजा कसली?" मला त्यांचा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. अशी ठणठणीत बाई, पहिल्या नंबरात पास होणार. बोळातल्या सगळ्यांना हेच वाटत होतं.

तपासणी सोमवारी ठरली. लॅबचा माणूस सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायला येणार होता. आणि आमच्या बोळानं काय करावं? आता हे फक्त कोल्हापुरातच घडू शकतं. रविवारी जाधवकाकांनी मटण आणलं. "रक्त घ्यायचंय उद्या. त्याला जोर नको का?" सगळ्यांना पटलं. पाच-सहा घरांनी मिळून अंगणात चूल मांडली, तांबडा झाला, पांढरा झाला, दुपारी वाट्यांवर वाट्या रिचवल्या आणि उरलेलं संध्याकाळी परत तापवलं. वाढायला मावशी. सगळ्यांच्या ताटात फोडी मोजून, वर "लिंबू पिळा, कांदा घ्या, नुसता रस्सा वरपू नका" असा आग्रह. त्यांना मी जेवताना पाहिलं ते शेवटी. पातेलं पुसून काढलेला रस्सा आणि भात. त्या वेळी मला त्यात काहीही वेगळं दिसलं नाही. मावशी नेहमी शेवटीच जेवायच्या.

आठ दिवसांनी निकाल. जाधवकाकांच्या रक्तात चरबी उतू चाललेली आणि किडनीचा आकडा असा वर, की कंपनीनं परत तपासणी सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, "आदल्या दिवशी काय खाल्लंत?" काकांनी यादी सांगितल्यावर डॉक्टर खुर्चीत मागं रेलले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. तो आकडा मटण चापून खाल्ल्यानं सुद्धा वर जातो म्हणे. वर प्रोटीन पावडरचे दोन मोठे ग्लास होतेच. पुढच्या खेपेला आठवडाभर ज्वारीची भाकरी आणि दोडका खाऊन काका सुटले. अकरातल्या नऊ बाटल्या डॉक्टरांनी बंद केल्या.

तात्या पास. खोकल्यासकट पास. खोकल्यासाठी काही काळ थांबावं लागणार होतं, पण पॉलिसी मंजूर.

इंदूमावशी नापास.

ही बातमी बोळाला तीन दिवस कळलीच नाही. मावशींनी दार लोटून घेतलं होतं. कुणाचा दंड धरला नाही, कुणाला 'आणि' विचारलं नाही. चौथ्या दिवशी तात्या आमच्या दारात आले आणि घडी घालून घालून चिंधी झालेला कागद माझ्या हातात दिला. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. सहा महिन्यांनी परत अर्ज करा, असं कंपनीचं पत्र. तात्या एवढंच म्हणाले, "जेवंना ती."

मी गेले. मावशी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पाठमोऱ्या बसल्या होत्या. जगाची पोरं सांभाळलेली ही बाई, लाजेनं इतकी एवढीशी झाली होती की मला रडूच फुटणार होतं. पण रडले असते तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. म्हणून मी दुसरं केलं. जवळ बसले आणि त्यांचा दंड धरला. अठरा वर्षांत कुणी धरला नव्हता. माझी बोटं एकमेकांना लागून वर पेरभर उरली.

"वाळलाय," मी म्हणाले.

त्यांनी झटका देऊन हात सोडवला नाही. "चक्कर येती कधीमधी," त्या म्हणाल्या.

"मग फॉर्ममध्ये का नाही सांगितलं?"

"चक्कर म्हंजे आजार व्हय गं? ती तर रोजच येती."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त आमचा. सगळा बोळ त्यांच्या धाकानं काकड्या चिरत होता आणि या बाईला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, की मावशी, तुम्ही काय जेवलात. मी तसं तोंडावर बोलले. मावशी म्हणाल्या, "उरलेलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि च्या."

डॉक्टरांनी पोटात कुठं रक्त जात नाही ना ते सगळं नीट तपासलं. तसं काही निघालं नाही. कित्येक वर्षं पुरेसं न खाणं, एवढाच रोग. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि या वेळी गोळ्यांना कुणी पेपरमिंट म्हटलं नाही. पण दीड महिना झाला तरी आकडा हलेना. चौकशी केली तर मावशी गोळी रोज न चुकता घेत होत्या, चहाबरोबर. कारण त्या सगळंच चहाबरोबर घ्यायच्या. दुसऱ्यांच्या पोरींना 'गोळी घेतल्यावर तासभर च्या न्हाय' म्हणून दम भरणारी ही बाई! "ते लहान पोरींस्नी असतंय," म्हणाल्या. मी हात जोडले.

मग बोळानं त्यांना ताब्यात घेतलं. मी कॉलेजातून मोठा आलेखाचा कागद आणला आणि वाढीचा तक्ता काढला, तांबडा, पिवळा, हिरवा, अगदी अंगणवाडीतल्यासारखा. वर नाव लिहिलं, 'इंदू, वय वर्षे सदुसष्ट'. तो त्यांच्याच भिंतीला डकवला. वार ठरले. सोमवारी आमच्याकडचं अंडं, मंगळवारी जाधवकाकूंची मेथी, बुधवारी हळिवाचा लाडू, असं. जाधवकाका रोज सकाळी लिंबू घेऊन यायचे आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत दारात उभे राहायचे. "इंदूबाई, तोंड उघडा. जिभेखाली बघू." त्यांनी जुना सूड उगवून घेतला, माझं तर तेच मत आहे.

मावशींएवढा वाईट पेशंट मी जन्मात बघितला नाही. अंडं दिलं की अर्धं तात्यांच्या ताटात. लाडू दिला की दारातून जाणाऱ्या कुठल्यातरी पोराच्या हातात. शेवटी तात्यांनीच तोड काढली. ते मावशींच्या आधी घास उचलेनात. ताट समोर, हात मांडीवर, आणि नजर मावशींच्या ताटाकडं. "अवं जेवा की!" मावशी ओरडायच्या. तात्या ढिम्म. मावशी चार घास खायच्या, मग तात्या एक खायचे. पहिले पंधरा दिवस त्या घरातून जेवणाच्या वेळी रोज भांडणाचा आवाज यायचा, अर्थात एकाच बाजूचा.

हळूहळू तक्त्यावरचं टिंब वर सरकलं. पिवळ्यात आलं तेव्हा फौजदार स्वतः बघून गेला. सहा महिन्यांनी परत अर्ज, परत रक्त. या खेपेला आदल्या दिवशी बोळात कुणी चूल मांडली नाही. फॉर्ममध्ये मावशींनी स्वतः सांगून लिहायला लावलं, 'रक्तक्षय होता, उपचार चालू आहेत, चक्कर यायची, आता येत नाही.' निकाल आला तेव्हा मी ऑफिसात होते. तात्यांनी जन्मात पहिल्यांदा मला फोन केला. "झाली," म्हणाले आणि ठेवून दिला.

संदीप आता दोघांची नावं असलेलं कार्ड घेऊन आला. मावशींनी ते उलटसुलट करून बघितलं, कुंकवाचं बोट लावलं. संदीपनं नियम समजावले. त्यातला एक असा की अपघात सोडला, तर पहिल्या महिन्यातलं आजारपण धरत नाहीत.

"म्हंजे महिनाभर पडायचं न्हाय," मावशी म्हणाल्या.

"तसंच समजा."

तो महिना मावशींनी सोवळ्यात काढला. कुणी शिंकलं की त्या पदर नाकाला लावून लांब व्हायच्या. पावसात बाहेर नाही, बाहेरचं पाणी नाही. कॅलेंडरवर रोज फुली.

महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला ऑफिसला निघाले, तर मावशींच्या दाराच्या कडीला भाजीची पिशवी तशीच लटकलेली. अंगणात झाडलोट नाही.  दार लोटून आत गेले.

तात्या गॅसपुढं उभे राहून कण्या शिजवत होते, दोन्ही हातांनी पळी धरून. आणि भिंतीकडंच्या कॉटवर इंदूमावशी आडव्या पडल्या होत्या. केस सुटलेले, गळ्यापर्यंत चादर. भर दिवसा, उजेडात, आडवी झालेली ही बाई मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

"मावशी! काय झालं?"

"ताप हाय. शंभर हाय," त्या म्हणाल्या. "परवापासनं कणकण हुती. म्हटलं दोन दिस थांब."

"अहो, एवढ्या तापाला विमा लागत नाही. तो दवाखान्यात दाखल झालं तर."

"ते कळतंय गं मला. इम्यासाठी न्हाय पडलो मी." त्यांनी माझा हात धरला. दंड नव्हे, हात. "आजवर पडायचंच भ्या वाटायचं बघ. पडलो, आणि तपासल्यावर मोठं काय निघालं तर? लेकीला काय सांगायचं? त्यापरीस उभंच ऱ्हायचं. उभं ऱ्हायलं की माणूस आजारी नसतंय, असं वाटायचं. आता जे काय निघायचं ते निघू दे. आज म्हटलं, पडून बघू तरी कसं लागतंय."

 माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

"मग? कसं लागतंय?"

मावशींनी थोडा विचार केला. "ब्येस लागतंय," त्या म्हणाल्या.

तात्यांनी कण्यांची वाटी आणली. मावशींनी एक चमचा चाखला, "मीठ न्हाय," म्हणाल्या, आणि तरी सगळी वाटी संपवली. पुढच्या रविवारी आम्ही, आधीच ठरलं होतं तसं, बोळ सोडून दुसऱ्या घरी राहायला गेलो, सामानाच्या गडबडीत धड निरोपही झाला नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या या मावशी. वाटी तात्यांच्या हातात दिली, चादर कानापर्यंत ओढली, "तू जा, तुला उशीर हुतोय," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपून गेल्या. दहा वाजायला आले होते. तात्यांनी पाय न वाजवता जाऊन खिडकी लावून घेतली.